एआयशी बोलून परकी भाषा बोलता येईल का? येईल, पण आधी त्याची समजूतदारी कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी झाली आहे. वाचलेलं कळतं, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण बोलायची वेळ आली की बोबडी वळते. सरावाला सोबत कुणी नाही. मोबाइलवरच्या एआयशी रोज अर्धा तास बोललं तर फरक पडेल का? आणि रोज बोलायचं तरी काय?

फरक पडेल. मी अठरा वर्षं जर्मन शिकवते आहे आणि गेल्या दोनेक वर्षांत माझे बहुतेक विद्यार्थी हा प्रयोग करून बसलेत. काहींचं बोलणं खरोखर सुटलं. काही मात्र एआयशी धडाधड बोलतात आणि माणूस समोर आला की पुन्हा पहिल्यासारखे गप्प. दोघांमध्ये फरक हुशारीचा नव्हता, मेहनतीचाही नव्हता. कशाचा होता ते एका विद्यार्थिनीमुळे माझ्या लक्षात आलं.

ती तीन महिने न चुकता रोज बोलत होती. आत्मविश्वास आलेला दिसत होता. मग नोकरीची एक मुलाखत फोनवर झाली. तिने कामाची माहिती देणारं एक चांगलं, पाठ असलेलं वाक्य म्हटलं. पलीकडून आलं, ‘वी बिटे?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने आणि जरा घाईने. पुन्हा ‘वी बिटे?’ तिसऱ्यांदा दातखीळच बसली आणि ती इंग्रजीवर गेली. नंतर आम्ही तिचे एआयबरोबरचे संवाद उघडून पाहिले. तीन महिन्यांत त्या यंत्राने ‘मला कळलं नाही’ असं तिला एकदाही म्हटलं नव्हतं.

सगळी मेख इथे आहे. हा जोडीदार फार समजूतदार आहे. तुम्ही अर्धं वाक्य बोला, क्रियापद विसरा, मध्येच इंग्रजी शब्द टाका, एखादा मराठी शब्दसुद्धा टाका, तो सगळं पचवतो आणि हसतमुखाने पुढे जातो. सुरुवातीला भीड चेपायला हे उत्तमच. पण माणसाशी बोलताना निम्मं कौशल्य असतं ते न समजलेलं निस्तरण्याचं. तो सराव यंत्र आपण होऊन देत नाही. मागून घ्यावा लागतो.

तुमची अडचण नवी नाही, हेही सांगते. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांत इंग्रजी घरातली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत, वाचत शिकली. त्यांना कळायचं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकंच, पण बोलताना व्याकरणाच्या चुका राहायच्या त्या राहायच्याच. मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८५ साली त्यावरून मांडणी केली की भाषा नुसती आत जाऊन पुरत नाही, ती बाहेर काढावी लागते, आणि समोरच्याला कळली नाही तर सुधारून पुन्हा काढावी लागते. ऐकताना आपण संदर्भावर वेळ मारून नेतो. बोलताना मात्र लिंग, विभक्ती, क्रियापदाची जागा या सगळ्याचा निर्णय स्वतःलाच घ्यावा लागतो. तुमचं ‘कळतं पण बोलता येत नाही’ ते हेच.

तर पहिलं काम म्हणजे यंत्राला थोडं मंद करा. संवाद सुरू करण्यापूर्वी मराठीतच सांगून टाका: ‘तुला फक्त जर्मन येतं. मी दुसऱ्या भाषेतला शब्द वापरला तर तुला कळत नाही. माझ्या दर तिसऱ्या वाक्याला वी बिटे म्हण, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं तर तेही तुला कळलेलं नाही. वेगळ्या शब्दांत सांगायला लाव.’ पाच-सहा फेऱ्यांनंतर तो ही सूचना विसरतो आणि परत गोड वागू लागतो. तेव्हा पुन्हा आठवण करून द्यायची. कंटाळवाणं आहे, पण करा.

त्या विद्यार्थिनीचंच उदाहरण देते. तिचं पाठ वाक्य होतं, ‘इश बिन फ्यूर दी लागरफेरवाल्टुंग त्सुश्टेंडिश’, म्हणजे गोदामाचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे. वाक्य बिनचूक होतं, पण तो लांबलचक शब्द तिच्या तोंडून निम्माच बाहेर यायचा. या पद्धतीने सराव करताना पहिल्या ‘वी बिटे’ला ती अडली. दुसऱ्याला म्हणाली, ‘इश आर्बाइटे इम लागर’, मी गोदामात काम करते. तिसऱ्याला चक्क हे आलं: ‘दा लीगेन फीले वारेन. इश श्राइबे आउफ, वास कोम्ट उंट वास गेट.’ तिथे पुष्कळ माल असतो, काय आलं आणि काय गेलं ते मी लिहून ठेवते. पहिल्या महिन्यात शिकवलेले शब्द, आणि कुठल्याही जर्मन माणसाला फोनवरसुद्धा कळेल असं वाक्य. मला त्या पाठ वाक्यापेक्षा हे शंभरपटीने आवडलं, कारण हे तिचं स्वतःचं होतं.

याचाच एक खेळ करता येतो. एखाद्या वस्तूचं नाव आठवत नाही असं धरून चाला, तिचं वर्णन करा आणि यंत्राला ओळखू द्या. शिडी, कात्री, छत्रीचा दांडा, काहीही. ‘ती लांब असते, लाकडाची असते, तिच्यावरून वर जातात.’ शब्द न आठवणं ही परक्या भाषेत रोजची गोष्ट आहे, आणि अडलेल्या जागी वळसा घालून जाता येणं हीच बोलता येण्याची मोठी खूण.

आता थोडं यंत्राच्या कानाबद्दल, कारण उच्चारांच्या बाबतीत फसगत इथेच होते. पुष्कळ ॲपमध्ये तुमचा आवाज आधी अक्षरांत उतरवला जातो आणि भाषेचं मॉडेल ती अक्षरं वाचतं. आवाज ओळखणारी व्यवस्था संदर्भावरून अंदाज बांधते. जर्मनमध्ये ‘किर्शे’ म्हणजे चेरी, आणि जवळजवळ तसाच, पण ‘श’च्या जागी ‘ह’कडे झुकणारं मऊ घर्षण असलेला शब्द म्हणजे चर्च. नवशिके दोन्ही एकसारखेच म्हणतात. तुम्ही ‘मी चेरीत जाते’ असं म्हणालात तरी यंत्र मुकाट्याने ‘मी चर्चमध्ये जाते’ असं लिहून घेणार, कारण चेरीत कुणी जात नाही. म्हणजे तुमची चूक मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच कुणीतरी पुसून टाकली. मग ते म्हणतं, तुझे उच्चार सुरेख आहेत! अक्षरं वाचून कुणाचे उच्चार कळत असते तर मला वर्गच घ्यावा लागला नसता. थेट आवाजावर काम करणारी नवी मॉडेल्स यापुढे गेली आहेत, पण तीसुद्धा कौतुकाला फार उदार आहेत.

उच्चार तपासायचे असतील तर संदर्भ काढून घ्या. फोनवरचं श्रुतलेखन जर्मन भाषेवर ठेवा आणि नुसते सुटे शब्द म्हणा: शोन आणि श्योन, म्हणजे ‘आधीच’ आणि ‘सुंदर’. दहा वेळा उलटसुलट क्रमाने म्हणा आणि किती वेळा बरोबर उतरलं ते मोजा. स्पॅनिश शिकणाऱ्यांनी ‘पेरो’ आणि ‘पेर्रो’ घ्यावं, जपानी शिकणाऱ्यांनी ‘ओबासान’ आणि ‘ओबाऽसान’. तिथे स्वर लांबला की मावशीची आजी होते. यंत्र तुमची चापलूसी करत नाही अशी ही जवळजवळ एकच जागा आहे.

आणि एक आपला फायदा, जो आपण वापरतच नाही. जर्मन ‘झेड’ या अक्षराचा उच्चार शिकवताना देवनागरीत ‘त्स’ लिहिलं जातं, मीही वर तसंच लिहिलंय, आणि मग मुलं ‘त-साइट’ म्हणत बसतात किंवा ‘साइट’. अहो, हा ‘चाक’मधला च आहे! ‘चार’मधला नव्हे, ‘चाक’मधला. मराठी माणसाला तो जन्मजात येतो. ‘वेळ’ या अर्थाचा जर्मन शब्द ‘त्साइट’ त्या च ने म्हणून पाहा. हे तुम्हाला एआय आपण होऊन सांगणार नाही, कारण तुमची पहिली भाषा मराठी आहे हे गृहीत धरून ते उच्चार समजावत नाही. तसं सांगून विचारलं तर कधी कधी चांगलं उत्तर देतं.

पुढची तक्रार हमखास येते: ‘मी विचार करायला थांबले की ते मध्येच बोलायला लागतं.’ बरोबर आहे. माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो, ते २००९ साली दहा भाषांत मोजलं गेलं. सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाली. यंत्रं पूर्वी फार मागे होती. बोलण्याचं अक्षर, अक्षराचं उत्तर, उत्तराचा आवाज अशा तीन टप्प्यांत जुन्या व्हॉइस मोडला काही सेकंद लागत. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीने जीपीटी-फोर-ओ हे नवं मॉडेल जाहीर केलं तेव्हा सरासरी ३२० मिलिसेकंद सांगितली, म्हणजे माणसाच्या जवळपास. आता वेळ लागतो तो आपल्याला. शिकणारा विभक्ती शोधत दोन सेकंद थांबला की यंत्राला वाटतं, झालं याचं बोलून.

बटण दाबून धरून बोलायची सोय असेल तर सुरुवातीला ती वापरा. पण कायम नको. कारण खरा उपाय भाषेतच आहे: थांबायचं, पण आवाज न थांबवता. जर्मन माणूस विचार करताना ‘आल्झो…’ म्हणतो, ‘ना या…’ म्हणतो, ‘मोमेंट माल’ म्हणतो. जपानी माणूस ‘एऽतो’ किंवा ‘आनो’ म्हणतो. आपण मराठीत ‘म्हणजे कसंय…’ म्हणतो तसंच. हे शब्द पुस्तकात नसतात आणि शिक्षकही ते ‘वाईट सवय’ म्हणून वगळतात. मला विचाराल तर ते पहिल्या आठवड्यात शिकवायला हवेत. बोलण्याची पाळी आपल्याकडे ठेवायची ती याच शब्दांनी, आणि यंत्रही बहुतेक वेळा त्यांना मान देतं.

चुका दुरुस्त करण्याबद्दल. तुम्ही म्हणालात, ‘गेस्टर्न इश बिन इन्स कीनो गेगांगेन.’ काल मी सिनेमाला गेले. मराठीच्या क्रमाने अगदी स्वाभाविक, पण जर्मनमध्ये चूक, कारण क्रियापद दुसऱ्या जागी हवं: ‘गेस्टर्न बिन इश…’ यावर एआय काय म्हणतं? ‘अरे वा, काल तू सिनेमाला गेलीस! कुठला पाहिलास?’ आपल्या वाक्यात त्याने क्रम बरोबर वापरला, म्हणजे तुमची चूक त्याने अलगद सुधारली. तुमच्या ते लक्षात आलं का? नाही. तुम्ही सिनेमाचं नाव आठवत होतात.

रॉय लिस्टर आणि लैला रांता या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेमकं हेच होतं. शिक्षक सर्वांत जास्त वेळा अशी अलगद दुरुस्ती करत, निम्म्याहून अधिक वेळा. आणि मुलांनी स्वतः चूक सुधारण्याच्या दृष्टीने तीच पद्धत सर्वांत कमी उपयोगी ठरली. ‘कसं म्हणायचं हे?’ असं थांबवून विचारलं की मुलं सुधारत. त्यामुळे यंत्राला सांगा: ‘बरोबर वाक्य स्वतः म्हणून दाखवू नकोस. क्रियापदाची जागा चुकली की फक्त “फेर्ब!” म्हण आणि मी सुधारेपर्यंत पुढे जाऊ नकोस.’ एका बैठकीत एकाच प्रकारची चूक. आज क्रियापदाची जागा, उद्या भूतकाळ. सगळ्या चुका सुधार म्हटलं तर बोलणंच राहत नाही.

संवादानंतर ‘माझ्या पाच चुका दाखव’ असं विचारू नका. पाच मागितल्या की ते पाच देतं, तुम्ही दोनच केल्या असल्या तरी. उरलेल्या तीन ही त्याची शैलीची आवड असते किंवा सरळ चुकीची दुरुस्ती. माझ्या एका विद्यार्थ्याने आठवडाभर एक बिनचूक वाक्य ‘सुधारून’ बोलायची सवय लावून घेतली होती. शंका असेल तर नवा संवाद उघडा, आधीचं काही सांगू नका आणि नुसतं विचारा की हे वाक्य बरोबर आहे का. जुन्या संवादात पुन्हा विचारलंत की ते तुमच्या सुराची री ओढतं. तुम्ही साशंक दिसलात तर माफी मागून उलट उत्तर देतं. व्याकरणाचा नियम मात्र पुस्तकात पाहा.

रोज काय बोलायचं, हा तुमचा प्रश्न. रोज नवा विषय घेऊ नका. बहुतेकजण इथेच घसरतात. आज प्रवास, उद्या हवामान, परवा छंद, आणि प्रत्येक विषयावर तीच तीन सोपी वाक्यं. त्यापेक्षा एकच गोष्ट तीनदा सांगा: चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. ही पद्धत जुनी आहे, १९८०च्या दशकातली, आणि भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे शिक्षकांमध्ये रुळली. मूळ कल्पनेत दर वेळी ऐकणारा बदलतो. एकाच माणसाला तीच गोष्ट तीनदा कोण ऐकवणार? एआयबरोबर दर वेळी नवा संवाद उघडला की झाला नवा श्रोता, आणि तो कंटाळत नाही. पहिल्या फेरीत शब्द शोधण्यात वेळ जातो, दुसऱ्यात वाक्यं जुळतात, तिसऱ्यात तुम्ही बोलता. ही तिसरी फेरी अनुभवली नसेल तर आपल्याला किती येतं याचा अंदाजच नसतो.

आणि प्रश्न तुम्ही विचारा. यंत्राला प्रत्येक उत्तराच्या शेवटी प्रश्न चिकटवायची खोड आहे. ही खोड पुरातन म्हणायला हवी. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेली एलायझा ही गप्पा मारणारी संगणक-प्रणाली आपलंच वाक्य उलटवून आपल्यालाच विचारायची, आणि लोक तिच्याशी मनापासून बोलायचे. तुम्हाला त्यातून सवय लागते ती उलटतपासणीतल्या साक्षीदारासारखी: विचारलं की उत्तर, नाही विचारलं की गप्प. म्हणून सांगा: ‘तू घरमालक आहेस, मी भाडेकरू. तू दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, माहिती आपण होऊन द्यायची नाही.’ मग भाडं किती, अनामत किती, करार केव्हापासून, हे सगळं तुम्हालाच काढून घ्यावं लागतं. भूमिका ठरवताना ‘झी’ म्हणजे आदरार्थी संबोधन वापरायचं हेही बजावा. नाहीतर ते लगेच ‘दू’वर, अरे-तुरेवर येतं आणि तुमची जीभही त्यालाच सोकावते. भूमिकेत खरा पत्ता, पासपोर्टचा क्रमांक, कंपनीची कामाची माहिती घालू नका. खोटी नावं घ्या, सराव तितकाच होतो.

अर्धा तास जास्त आहे. पंधरा मिनिटं बोला आणि पाच मिनिटं लिखित नोंद वाचून दोन वाक्यं वहीत उतरवा. वहीतली वाक्यं दुसऱ्या दिवशी मोठ्याने म्हणा, यंत्राशिवाय. अगदी नवशिक्यांनी, ज्यांना अजून भूतकाळ येत नाही, त्यांनी यात पडूच नये असं माझं मत. त्यांनी टाइप करून बोलावं, त्यात विचाराला उसंत मिळते.

एक गोष्ट यंत्राला काही केल्या जमवता आलेली नाही. ‘वेगाने बोल, शब्द खा, मध्येच तोड’ असं सांगा, दोन वाक्यांत ते पुन्हा बातमीदारासारखं स्वच्छ बोलू लागतं. खऱ्या माणसांचा गोंगाट ऐकायला मुलाखती, पॉडकास्ट, रस्त्यावरच्या चित्रफिती लागतात. आणि तुम्ही गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची बी-वन परीक्षा देणार असाल तर लक्षात घ्या, तिची तोंडी परीक्षा साधारणपणे जोडीने होते, पंधराएक मिनिटांची. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. समोरचा तुमच्याइतकाच घाबरलेला असतो, चुकीचं बोलतो, अर्धवट बोलतो, आणि त्याचं ऐकून तुम्हाला उत्तर द्यायचं असतं. त्यासाठी तुमच्याच पातळीवरचा एक धडपडणारा विद्यार्थी आठवड्यातून एकदा, फोनवर का होईना, गाठा. तो तुम्हाला ‘वी बिटे’ म्हणेल, आणि त्याला तसं सांगून ठेवावं लागणार नाही.